सुपरवायझरचं कँटोनीज

"भाषेला कान लागतो रे," असं म्हणत तो स्वतःच्या कानाची पाळी ओढायचा. मेलबर्नजवळ डँडेनॉन्गच्या आमच्या गोदामातला शिफ्ट सुपरवायझर, मूळचा पुण्याचा. असला नग तुमच्याही कामावर एखादा असेलच.

आमच्याकडे निम्मे लोक हाँगकाँगचे. ते आपसात कँटोनीज बोलले की याला वाटायचं, आपल्याबद्दलच चाललंय. म्हणून याने फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या म्हाताऱ्या अंकलना गाठलं. अंकल जेवणाच्या सुटीत त्याला शर्यतीच्या नि खेळाच्या मैदानावरून आलेले वाक्प्रचार शिकवायचे. काम संपत आलं की 'याप चिक लोउ', म्हणजे घोडे शेवटच्या सरळ पट्ट्यात आले. आजारी नसताना सिक लीव्ह टाकली की 'से पो', म्हणजे चेंडू मारला.

जन्मात चेंडूला पाय न लावलेला हा माणूस ते सगळं देवनागरीत उतरवून घ्यायचा. मग मराठी मंडळाच्या पिकनिकला मिरवायचा, "मला कँटोनीज येतं." मला शिसारी यायची. अंकल मात्र खूश. "गुड स्टुडंट," म्हणायचे. इतक्या वर्षांत त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

एकदा शुक्रवारी अंकलच्या नातीची फुटबॉलची फायनल होती आणि सुटी याच गृहस्थाने नाकारली होती. गुरुवारी लॉकरपाशी अंकल फोनवर बायकोला सांगत होते, उद्या से पो. हा मागेच उभा. शुक्रवारी अंकल आले नाहीत आणि हा तडक मॅनेजरकडे गेला. अंकलची नोकरी गेली.

"लाज नाही वाटली तुला?" मी विचारलं.

"नियम म्हणजे नियम. पण खरं सांगू? अख्खं वाक्य कळलं रे मला. पहिल्यांदाच."

मॅनेजरसमोर मीही तोंड उघडलं नाही, तेव्हा माझी लायकी वेगळी सांगायला नको.

अंकल सामान न्यायला आले. सगळ्यांशी हात मिळवत याच्यापाशी थांबले.

"माझं बोलणं तुला नीट समजलं?"

याने मान डोलावली.

"म्हणजे मी बरा शिकवतो," म्हणाले आणि गेले.

त्यानंतर हा जेवायच्या टेबलाशी आला की सगळे इंग्रजीवर यायचे. हवापाणी, ट्रॅफिक, नो वरीज. एकही कँटोनीज शब्द त्याच्या कानावर पडू दिला नाही कुणी. दोन महिन्यांनी त्याने ब्रिस्बेनला बदली मागून घेतली. निरोपाचा केक त्यानेच आणला, त्यानेच कापला. मी एक तुकडा खाल्ला, संपला तेवढाच.