उजवा कौल

२००३ च्या एप्रिलमध्ये मला जुन्नरला तीन महिन्यांचं काम मिळालं. पाण्याच्या टँकरबरोबर जायचं, कोणत्या वाडीत किती खेपा झाल्या ते लिहायचं आणि वाडीतल्या एकाची सही घ्यायची. मराठी घेऊन बी.ए. झालेल्याला तेव्हा एवढंच मिळत होतं.

मी खोडदचा. तालुक्याच्या पूर्वेला आण्याच्या पठारावर टँकर जातात हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. तिकडे पाऊसच पडत नाही. पण माझ्या वहीत पहिलं नाव भोकरवाडीचं होतं. भोकरवाडी पार पश्चिमेला, कड्याच्या अलीकडे. तिथे पावसाळ्यात चार महिने भाताची खाचरं भरून वाहतात.

"हे चुकून लिहिलंय का?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"चुकून न्हाई राव," गेणभाऊ म्हणाला. "पाऊस लई पडतो. ऱ्हात न्हाई."

टँकर धरणावर भरायचा, चढ चढून वाडीत यायचा आणि विहिरीत रिकामा व्हायचा. रिकामा व्हायला पाऊण तास लागे. बाया विहिरीभोवती आधीच हंडे मांडून बसलेल्या असत. सहीसाठी वाडीनं जानकूबाबाला नेमलं होतं. साठीचा माणूस, अंगानं काटक, खांद्यावर पंचा. सही करताना तो वही मांडीवर घ्यायचा आणि 'जानकू' हे नाव अगदी हळू लिहायचा.

"शिकलास किती?" पहिल्या दिवशी त्यानं विचारलं.

"बी.ए."

"कशात?"

"मराठीत."

त्यानं गेणभाऊकडे पाहिलं. "मराठी तं आमालाबी येती. आमाला न्हाई कुनी टँकरवर ठिवलं."

त्या पाऊण तासात मला करायला काही नसे. जानकूबाबा मला वर कळमजाईच्या रानात घेऊन जायचा. ती वाडीची देवराई. जेमतेम तीन-चार एकर. तिथे कुऱ्हाड न्यायची नाही, वाळलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. मध्ये कंबरेएवढी उभी शिळा, तीच कळमजाई. तिला छप्पर चालत नाही. तिच्या पायाशी झरा होता.

होता म्हणजे खड्डा होता. तळाशी पानं पडलेली.

शिळेच्या एका अंगाला अजून रान होतं. जांभूळ, उंबर, ऐन, हिरडा, इतके दाट की आत गेल्यावर घाम विरून जायचा. दुसऱ्या अंगाला नुसते तोडलेले बुंधे होते. बुंध्यांमधून माती वाहून खडक वर आलेला. ऊन तिथून थेट शिळेवर पडत होतं. दोन्हीच्या मध्ये उभं राहिलं की एक गाल गार लागायचा आणि एक तापायचा.

"कधी तोडलं?" मी विचारलं.

"चौऱ्याण्णवला."

पुढचं तो एकदम बोलला नाही. चार-पाच खेपांमध्ये थोडं थोडं बोलला. धरणात ज्यांची खालची शेतं गेली ते लोक वर सरकले आणि त्यांनी उतार साफ करून नाचणी-वरई पेरली. मग कोळशाचे ठेकेदार आले. मालकीच्या जमिनीवरची झाडं ते उभीच विकत घ्यायचे. भट्ट्या वर्षानुवर्षं धुमसत होत्या. जानकूबाबानं स्वतः दोन हंगाम भट्टीवर माती थापली होती. "काम व्हतं. केलं," तो म्हणाला. सगळीकडचं गेल्यावर उरली देवराई. वाडीला मारुतीच्या देवळावर स्लॅब टाकायचा होता. निम्मी देवराई त्या स्लॅबला गेली.

"झरा लगेच आटला?"

"लगेच न्हाई. आधी आगोटीपर्यंत, नवा पाऊस लागंपर्यंत चालायचा. मग होळीपर्यंत चालला. मग संक्रांतीपर्यंत." तो खड्ड्याकडे बघत होता. "पाऊस तेवढाच पडतो, भाऊ. पन आता धा दिसात पडून जातो. आधी हितं गुडघाभर पातेरा असायचा, गळल्याल्या पानांचा. त्यात मुरायचा. आता माती घिऊन खाचरात येतो."

धुकंही कमी झालं होतं. हिरड्याचा मोहोर ऐन उन्हात जळत होता. आधी वाडीत उन्हाळ्यातही पहाटे घोंगडी लागायची, तो म्हणाला. मी हे सगळं ऐकत होतो आणि माझ्या वहीत फक्त खेपांचे आकडे होते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मला कळलं की उरलेलं रानही द्यायचं ठरतंय.

ही कल्पना धर्माजीची होती. तो ग्रामपंचायतीत होता. माणूस वाईट नव्हता. त्याची सूनही विहिरीवर हंडा घेऊन बसायची. त्याचं म्हणणं सरळ होतं. टँकर कायमचा नाही. झाडं द्यावीत आणि त्या पैशात बोअर मारावी.

"झाडं प्यायची का?" लंकाबाई म्हणाली. लंकाबाई जानकूबाबाची बायको. तिच्या हाताचा चहा मी रोज प्यायचो, आणि त्या चहाचं पाणी ती कुठून आणते ते रोज बघायचो. "बोअर तं बोअर. माजी मान गेली हंडं वाहून."

"दोन मारल्या की बोअरी. धूळ निघाली," जानकूबाबा म्हणाला.

"तिसरीला निघंल पानी."

"झाडं ऱ्हायली तं झरा येईल मागारी."

"कवा? तुमी मेल्यावर का मी मेल्यावर?" तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "तू सांग, शिकल्याला हायेस."

मी कप खाली ठेवून वही उचलली.

पण देवराईतली झाडं नुसत्या ठरावानं तुटत नाहीत. कळमजाईला विचारावं लागतं. त्याला कौल लावणं म्हणतात. झऱ्याच्या पाण्यात भिजवलेली कुड्याची दोन पांढरी फुलं शिळेच्या दोन खांद्यांना चिकटवायची. उजवं आधी पडलं तर देवीचा होकार, डावं आधी पडलं तर नकार. फुलं काशाच्या ताटलीतून न्यायची आणि ती ताटली जानकूबाबाच्या घरी असते. त्याच्या घरच्यांशिवाय कुणी फूल लावायचं नाही. कौल अक्षय्य तृतीयेला लावायचा ठरला. ठेकेदाराचा ट्रक आदल्या दिवशीच खालच्या वळणावर येऊन उभा राहिला.

अक्षय्य तृतीयेला आम्ही सकाळी लवकर टँकर नेला. विहिरीवर बायका होत्या, पुरुष सगळे वर होते. जानकूबाबा अंघोळ करून विहिरीजवळ उभा होता. त्यानं लंकाबाईच्या पुढचा भरलेला हंडा उचलला.

"अवो, माजा नंबर व्हता त्यो."

"देवीला पायजे."

"देवीला पाजा. मी चाटते दगूड."

बाया हसल्या. ती हसली नाही. ती त्याच्या मागोमाग वर आली, रिकामी कळशी काखेत घेऊन. मीही गेलो. गेणभाऊ गेला.

वर चाळीसेक माणसं होती. हंडा बघून कुणीतरी म्हणालं, "कौलाला टँकरचं पानी चालतं व्हय?"

"धरनाचं हाय," गेणभाऊ म्हणाला. "तुमच्याच बुडाल्याल्या वावरातनं आनलंय."



जानकूबाबानं शिळा धुतली. पाणी वरून सोडलं आणि ते दिसेनासं झालं. खाली मातीपर्यंत पोचलंच नाही. त्यानं फुलं भिजवून लावली. हात काढतो न काढतो तोच दोन्ही पडली.

"हात कापतोय बाबाचा," मागून एक पोरगं म्हणालं.

त्यानं पुन्हा पाणी घातलं, पुन्हा लावली. दोन्ही पडली. तिसऱ्यांदा त्यानं उरलेला हंडा शिळेवर ओतला आणि फुलं दाबून धरली. मग हात काढले. या वेळी ती राहिली. उजव्या खांद्यावरचं पाणी वाळताना मला दिसत होतं. ओला डाग कडेनं आत आत सरकत गेला. उजवं फूल पडलं. डावं तसंच होतं.

"उजवा," धर्माजी म्हणाला. "झालं. दिला देवीनं."

लोक उठायला लागले.

"बसा जरा," जानकूबाबा म्हणाला.

तो मोठ्यानं बोलला नव्हता. पण लोक बसले.

"उजव्या अंगाला ऊन पडतं. तिकडची झाडं आपुन काढली. ह्यो खांदा आधी वाळतो. आता कायबी इचारा, उजवंच पडनार. उंद्या म्हना वाडी इकू का, तरी उजवंच पडंल."

"आधीबी उजवंच पडलं व्हतं," धर्माजी म्हणाला. "चौऱ्याण्णवला. सावली व्हती तवा."

जानकूबाबानं खांद्यावरचा पंचा हातात घेतला. काही पुसायचं नव्हतं. नुसता हातात धरला.

"तवा दिसभर बसलो व्हतो आपुन," तो म्हणाला. "शिळा वली, शेवाळ व्हतं. फुलं हालंनात. दिस कलला. समदे उपाशी. ट्रकवाला खालनं हारन वाजवत व्हता. मी उठलो, घाम पुसल्यावानी केलं आन पंच्याच्या शेवानं उजवा खांदा कोरडा केला. मंग पडलं."

 

"का पन?" धर्माजीनं विचारलं.

"दमलो व्हतो."

एवढंच. मी वाट बघत होतो. वाटलं, काही कारण सांगेल. कुणी धमकावलं असेल, काही कबूल केलं असेल. पण तो पुढे बोललाच नाही. चौऱ्याण्णवच्या एका संध्याकाळी एक माणूस दमला होता, त्याला घरी जाऊन भाकरी खायची होती आणि त्यात निम्मं रान गेलं, झरा गेला.

लंकाबाई पुढे आली. "नऊ वर्सं," ती म्हणाली. "नऊ वर्सं मी ज्या हंड्याखाली मान मोडते, त्यो तुमचा पंचा व्हता?"

त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. तिनं रिकामा हंडा उचलला, काखेतली कळशी त्यात उपडी घातली आणि ती उतरून गेली.

"मग आता काय करायचं?" धर्माजी म्हणाला. तो जानकूबाबाला नाही, बसलेल्या लोकांना विचारत होता.

जानकूबाबानं ताटली शिळेपुढे ठेवली. "मी न्हाई आता लावनार. दुसऱ्या कुनाला लावायचं असंल तर हितं ताटली हाय."

ती ताटली तिथे बराच वेळ होती. ऊन तिच्यावर आलं. एकेक माणूस तिच्याकडे बघायचा आणि मग दुसरीकडे. धर्माजी एकदा पुढे सरकला आणि थांबला. शेवटी लोक उठून गेले. जानकूबाबानं ताटली उचलली आणि पंच्यात गुंडाळली. दुपारी ट्रक रिकामा परत गेला. उतारावर तो आमच्या टँकरच्या पुढेच होता आणि गेणभाऊला त्याची धूळ खात गाडी चालवावी लागली.

दुसऱ्या दिवसापासून सहीला दुसरा माणूस आला. वाडीनं जानकूबाबाला बोलावणं बंद केलं. पूजेला नाही, बैठकीला नाही. त्या पावसाळ्यात लंकाबाई त्याच्याशी बोलली नाही, असं गेणभाऊनं मला नंतर सांगितलं. भाकरी थापून ताट सरकवायची आणि मागच्या दारी जाऊन बसायची. माझं काम जूनमध्ये संपलं. मी मंचरला एका खासगी शिकवणीत शिकवायला लागलो.

नंतर मी दोनदा त्याला भेटलो. दोन्ही वेळा तो वर रानात सापडला. झाडं होती. खड्ड्यात पाणी नव्हतं. दुसऱ्यांदा, २००५ च्या उन्हाळ्यात, मी विचारलं, "येईल का झरा?"

"कुनाला ठावं," तो म्हणाला. "निम्म्या रानाला किती येनार." मग म्हणाला, "धर्माजी म्हनतो, मी हाय तवर गप ऱ्हायचं. माज्यामागं गोकुळ लावंल फूल." गोकुळ त्याचा मुलगा. तो चाकणला कंपनीत होता आणि वर्षातून एकदा यायचा. "त्याला काय. गाडी पकडायची घाई असती त्याला. लावंल आन जाईल."

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पुढे काय होणार ते त्याला नुसतं दिसत होतं.

२००७ च्या मार्चमध्ये जुन्नरच्या स्टँडवर गेणभाऊ भेटला. जानकूबाबा महिन्यापूर्वी गेला होता. शेवटी तापात पडला आणि दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत संपला. पुढच्या रविवारी मी भोकरवाडीला गेलो. एसटी वळते तिथून पुढे चालत.

लंकाबाई ओट्यावर नाचणी पाखडत होती. तिनं मला ओळखलं.

"गोकुळ आला होता?" मी विचारलं.

"आला व्हता. धाव्याला आला, तेराव्याला गेला."

मला पुढचं विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. रस्त्यावरून मी वर बघितलं होतं. रान होतं तिथेच होतं.

"धर्माजी आला व्हता," तीच म्हणाली. सूप थांबलं नाही. "गोकुळच्या म्होरं म्हनला, वयनी, ताटली द्या. फूल लावू द्या पोराला. बोअरचं बघू."

"मग?"

"म्हनलं, हारपली. ह्येंनी कुटं ठिवली, मला न्हाई म्हाईत."

ती उठली. घरात कोपऱ्यात भाताची कणगी होती. तिनं हात कोपरापर्यंत आत घातला, काही चाचपलं आणि तसाच रिकामा हात बाहेर काढला. हाताला तूस लागलं होतं.

"हाय," ती म्हणाली. "भात संपत आला की खाली दिसाया लागंल. तवा दुसरीकडं ठिवावी लागंल."

हीच बाई बोअर मागत होती.

"मावशी, मग पाण्याचं?"

"कुटलं पानी." तिनं ओट्याखालचा हंडा ओढला, उपडा करून झटकला आणि डोक्यावर चुंबळ ठेवली. "तू टँकरवर व्हतास न्हवं? अकराला यायचा त्यो. आजून न्हाई आला. कुटं अडाकला असंल?"

मी घड्याळ बघितलं. साडेबारा झाले होते. दुसरा हंडा मी घेतला आणि आम्ही विहिरीकडे निघालो.