मास्तरांच्या तळघरातल्या अकरा पँटी

आमच्या इमारतीच्या तळघरात एक मास्तर पँटी शिवतात. फक्त पँटी. शर्टाचं नाव काढलं की म्हणतात, "शर्टवाले गल्लोगल्ली आहेत, तिकडे जा." सकाळी पायऱ्या उतरून खाली गेले की संध्याकाळीच वर येतात. खाली खिडकी नाही. एक ट्यूबलाइट, एक मशीन, एक कापायचं टेबल, आणि मागच्या भिंतीपाशी आडव्या नळीवर टांगलेल्या पँटी. शिवून, इस्त्री करून तयार, पण कोणी न नेलेल्या.

मी त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या लॅबमध्ये रक्त काढते. दिवसाला पन्नास हातांत सुई खुपसणारी बाई मी, पण त्या रिकाम्या पायांची मला भीती वाटायची. मोजल्या तेव्हा अकरा होत्या. पंखा बंद असतानाही त्यातली एखादी हळूच हलायची. मास्तर म्हणायचे, "वरून ट्रक गेला असेल, ताई." मी "असेल" म्हणायची आणि भर दुपारी दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळायची.

मास्तर अधूनमधून एखाद्या गिऱ्हाइकाला माझ्याकडे पाठवायचे. "शिंप्यानं सांगितलंय, रक्त तपासून घ्या," म्हणत तो माणूस ओशाळून उभा राहायचा. आमचे डॉक्टर त्याला चार प्रश्न विचारून प्रोस्टेटची तपासणी लिहून द्यायचे, आणि आकडा हमखास वाईट निघायचा. एकदा-दोनदा ठीक आहे, पण दर वेळी? शेवटी न राहवून मी खाली जाऊन विचारलं.

मास्तरांनी मापाची वही उघडली. "माणूस पन्नाशी-साठीला येतो. मग एक दिवस म्हणतो, मास्तर, बटण नको, हुक लावा, पटकन उघडतो. पुढच्या खेपेला म्हणतो, कापड जरा गडद दाखवा. का, ते तो सांगत नाही, मी विचारत नाही. आणि मग..." त्यांचं बोट कमरेच्या रकान्यावरून खाली सरकलं. छत्तीस, छत्तीस, चौतीस, एकतीस. "इथे आलं की मी वर पाठवतो."

"आणि पुढे?"

मास्तरांनी मागच्या भिंतीकडे पाहिलं. घरच्यांना पत्ता नसतो, डॉक्टरला पत्ता नसतो, आणि इथे जमिनीखाली बसलेल्या एका माणसाला टेप गुंडाळताना सगळं कळतं, हे मला मुळीच आवडलं नाही.

त्यानंतर वर्षभरानं मास्तरांचंच कंबरडं दुखायला लागलं. ड जीवनसत्त्व तपासलं तर नऊ. डॉक्टर म्हणाले, "विहिरीतल्या बेडकालासुद्धा तुमच्यापेक्षा जास्त ऊन मिळतं." आठवड्याला एक कॅप्सूल आणि रोज अर्धा तास गच्चीवर बसायचं, असं ठरलं. मास्तर खुर्ची घेऊन इमानेइतबारे बसले. गच्चीवरून उतरताना मला हाक मारायचे, "ताई, आज दोन्ही बाजूंनी भाजून आलो!"

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायला आले. सुई टोचण्याआधी आमच्या संडासात गेले. सुई काढून कापूस लावला, तर उठून परत गेले. बाहेर आले तेव्हा माझं लक्ष त्यांच्या पँटकडे गेलं. इतकी वर्षं हा माणूस फिकट पँटीशिवाय दुसरं काही घालत नव्हता. आज गडद निळी होती, आणि कमरेला बटण नव्हतं.

"मास्तर, याच रक्तात प्रोस्टेटचीही तपासणी करून टाकू."

"नको."

"अहो, का नको?"

"मी वर पाठवलेला एकही माणूस पँट न्यायला आला नाही, ताई." एवढं बोलून कमरेवर हात ठेवून ते खाली गेले.

त्यांच्या रक्ताची नळी माझ्या हातात होती, अजून कोमट. फॉर्मवर एक खूण करायचा अवकाश. न विचारता कोणाचं रक्त तपासायचं नसतं, हे मीच नव्या मुलींना शिकवते. तरी मी खूण केली.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. ड जीवनसत्त्व चौतीस, अगदी उत्तम. त्याखालचा प्रोस्टेटचा आकडा चारच्या आत हवा होता, तो बासष्ट होता. डॉक्टरांनी आधी माझी बिनपाण्याने केली. मग म्हणाले, "नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही, पुढच्या तपासण्या लागतील. पण ड भरून निघालं तरी हाडं दुखतायत, हे लक्षण मला बरं दिसत नाही. जा, माफी माग आणि त्यांना घेऊन ये."

मी खाली गेले. मशीन बंद होतं. मास्तर पाठमोरे बसले होते.

"किती आलं?"

"ड ना? चौतीस."

"ते नव्हे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"चांगला आकडा असता तर तुम्ही धावत आला असतात. आज एकेक पायरी मोजत आलात."

मी सगळं सांगितलं. माफी मागितली. मागच्या ओळीतली एक पँट हलली. वरून कुठलीही गाडी गेली नव्हती.

"तुमच्या त्या सुईनेच गेले ना सगळे?" मास्तरांनी विचारलं.

मला एकदम राग आला. "सुईने नाही, उशिराने गेले! कंबर उतरल्यावर पाठवलंत तुम्ही. हुक मागितला, तेव्हाच का नाही पाठवलं?"

बोलले आणि जीभ चावली.

"कसं बोलणार, ताई? पुरुषमाणसाला भर दुकानात विचारू, लघवीला नीट होते का म्हणून? लाज वाटायची." मग हलत्या पँटकडे बोट दाखवून म्हणाले, "ती माझ्या धाकट्या भावाची आहे. त्यालाही नाही विचारलं."

मला रडू आलं. ते लपवायला मी त्यांचा फोन उचलून त्यांच्या हातात दिला. "आधी घरी वहिनींना सांगा."

त्यांचे दोन्ही हात सदा कापडात गुंतलेले, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर. पलीकडे नळ वाहत होता.

"अगं, ऐक ना," मास्तर म्हणाले. थांबले. घसा खाकरला. "मला लघवीचा त्रास होतोय. बरेच दिवस झाले. आता रक्तातही काहीतरी निघालंय."

पलीकडचा नळ बंद झाला.

"त्रासाचं माहीत आहे मला," वहिनी म्हणाल्या. "दोन वर्षं तुमचे कपडे मीच धुतेय ना."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला लाज वाटेल म्हणून."