मास्तरांचं घर घेताना

नोंदणी कचेरीच्या व्हरांड्यात, जिन्याखालच्या कोपऱ्यात त्याचं टेबल होतं. एक कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि गिऱ्हाइकासाठी एक डुगडुगती खुर्ची. सव्वीस वर्षं तो तिथे बसून लोकांची खरेदीखतं टाइप करत होता. हजारो घरं त्याच्या बोटांखालून गेली. स्वतःचं म्हणावं असं एकही नव्हतं. लग्नानंतरचं हे अकरावं बिऱ्हाड. लग्न होऊन लांब गेलेली लेक फोनवर म्हणायची, "बाबा, माहेरी यायचंय, पण या वेळी माहेर कुठेय?"

पैसा अगदीच नव्हता असं नाही. पोटाला चिमटा काढून दोघांनी बऱ्यापैकी साठवलं होतं. अडत होतं ते भीतीपाशी. एकच घर तिघांना विकणारा माणूस त्याने पाहिला होता. मेलेल्या आईचा अंगठा कागदावर आणणारे सख्खे भाऊ पाहिले होते. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. याचं तोंड कधीच पोळलं नव्हतं. दुसऱ्यांची पोळलेली तोंडं बघून बघून तो ताक फुंकायला शिकला होता. कचेरीतले त्याला शंकासुर म्हणायचे. कोणतंही घर बघून आला की तो त्यात काहीतरी खोट काढायचाच. बायको पाळणाघरात दिवसभर लोकांची मुलं सांभाळून यायची, पाय चोळत ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं. मग पुढचं बघू."

मास्तरांचं घर दलालाने दाखवलं. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे, निवृत्त होऊन बारा वर्षं झालेली. घरच्या बाईंचे गुडघे गेले होते, जिना चढवत नव्हता. मास्तरांच्या बहिणीच्या शेजारी तळमजल्यावर दोन खोल्या मिळत होत्या, तिकडे जायचं ठरलं होतं. मास्तरांनी घर दाखवलं तेही धडा शिकवावा तसं. "ही भिंत पश्चिमेची. पावसात हिला ओल येते. आधीच सांगतो, मागून म्हणू नका."

शंकासुराची बायको ओट्यापाशी उभी राहिली आणि तिथून हललीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला एक ओटा तिच्या उंचीचा मिळाला होता. नवऱ्याने ते पाहिलं. आता आकडा सांगणं भाग होतं.

आठवडाभर त्याने तो आकडा आरशासमोर म्हणून पाहिला. कधी फार कमी वाटे, कधी फार जास्त. बायको हसली. "अहो, आकडा सांगायचाय. गुन्हा कबूल करायचा नाही."

रविवारी ते पुन्हा गेले. बाईंनी चहा केला. त्याने कप उचलला, चहा बशीत सांडला आणि त्या बशीकडे बघतच त्याने आकडा सांगून टाकला. मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली.

"ठीक आहे," मास्तर म्हणाले. "झालं तर मग."

जिना उतरताना बायकोचे पाय जमिनीला लागत नव्हते. तो मात्र तिसऱ्या पायरीवर थांबला.

"घासाघीस नाही, काही नाही. एका शब्दात हो? काहीतरी पाणी मुरतंय."

"भिंतीत मुरतंय," ती म्हणाली. "ते त्यांनी सांगितलंच की."

दुसऱ्या दिवशी त्याने कचेरीत जुनी नोंद काढली. घर दोन नावांवर होतं: मास्तरांच्या आणि त्यांच्या मुलाच्या. मुलगा बाहेरगावी असतो, एवढंच मास्तर बोलले होते. त्याने दलालाला गाठलं.

दलालाने मान खाजवली. "मुखत्यारपत्र आहे हो. पोराने बापाला लिहून दिलेलं, रीतसर सहीचं. त्याच्यावर काम होतंय."

"मुलगा कुठेय?"

"दहा वर्षं झाली. एक दिवस कामाला म्हणून गेला, तो आलाच नाही. आता तुम्ही कशाला खोलात शिरताय? सगळे चालवतात."

पण सगळे काय काय चालवतात हे याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? दिलेलं मुखत्यारपत्र देणारा जिवंत असेपर्यंतच चालतं. आणि तो जिवंत आहे की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं.

"जाऊ द्या ना," बायको म्हणाली. "म्हातारी माणसं आहेत."

"आणि उद्या कोणी हक्क सांगत दारात उभा राहिला तर?"

"उभा राहिला तर त्या माउलीच्या डोळ्यांत तरी उजेड पडेल."

तरी तो गेलाच. एकटाच गेला. मास्तर ॲटलासांची कपाटं आवरत होते. त्याने उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली, की नावं दोन आहेत, सही एकाचीच चालणार नाही, एक तर मुलाची सही लागेल, नाहीतर...

"नाहीतर काय?"

"कोर्टाचा निकाल लागेल, सर."

"कसला?"

तो शब्द त्याने दिवसातून दहादा टाइप केला होता. तोंडातून मात्र फुटेना. शेवटी मास्तरांनीच ते बोलून टाकलं.

"म्हणजे घर विकायचं, तर आधी पोराला मारायचं."

स्वयंपाकघरात भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. बाई पदराला हात पुसत दारात आल्या. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"यांना जाऊ द्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

पाच आठवडे गेले. हे घर हातचं गेलं, असं त्याने मनाला समजावलं. बायकोने ओट्याचं नाव काढलं नाही. ते न काढणंच त्याला जास्त लागत होतं. आपण चुकलो असं त्याला वाटत नव्हतं, आणि बरोबर होतो असं म्हणायची हिंमतही होत नव्हती.

मग एका सकाळी डुगडुगत्या खुर्चीवर येऊन कोणी बसलं. त्याने मान वर केली तर मास्तर.

"वकिलाला विचारलं मी. तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "दाव्यासोबत जोडायचा जबाब टाइप करून आणा म्हणाला."

"सर, इथे आणखी तिघं टाइप करतात." त्याने कसंबसं म्हटलं.

"माहितीये. पण त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल."

त्याने कोरं पान उघडलं. नाव, वय, व्यवसाय इथपर्यंत बोटं चालली. मग त्याला विचारावं लागलं, "शेवटचं कधी पाहिलं?"

"सकाळी सव्वासातला. निळा शर्ट होता. एका बाहीचं बटण तुटलेलं, संध्याकाळी लावून देते म्हणाली ही. डबा विसरला होता. ही गॅलरीतून हाका मारत होती, त्याने वर बघून हात केला. असू दे, असं."

असल्या गोष्टी जबाबात लागत नाहीत. सव्वीस वर्षांत त्याने असलं कधी टाइप केलं नव्हतं. त्याने शर्ट टाइप केला. बटण टाइप केलं. डबाही केला. शेवटी 'मयत' या शब्दापाशी आला आणि बोटं कीबोर्डवर नुसतीच राहिली.

"लिहा," मास्तर म्हणाले. "मी सांगतोय म्हणून लिहा. तुमच्यावर नाही ते."

कागद बाहेर आला. मास्तरांनी चष्मा लावला आणि वह्या तपासाव्यात तसं बोट फिरवत तो वाचला. एका ठिकाणी थांबून म्हणाले, "इथे वेलांटी दीर्घ हवी." त्याने ती सुधारली आणि कागद पुन्हा काढला. मास्तरांनी सही केली. उठताना खुर्ची डुगडुगली तसा त्याने त्यांचा हात धरला, आणि तो हात मास्तरांनी काढून घेतला नाही.

निकालाला चौदा महिने लागले. तेवढ्या काळात घरांचे भाव कुठल्या कुठे गेले. दलालाने मास्तरांकडे दुसरं गिऱ्हाईक आणलं, चांगलं तगडं. मास्तरांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. हे कळलं तेव्हा शंकासुराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो धावत गेला, म्हणाला, "सर, मी आकडा वाढवतो."

"नको. एकदा सांगताना तुमची काय अवस्था झाली होती, पाहिलंय मी."

खरेदीखताच्या दिवशी स्वतःचे कागद त्याला टाइप करवेनात. पलीकडच्या टेबलवाल्याने केले. मुलाची वारस म्हणून बाईंनी त्याच्या वाटणीची सही केली. अक्षर ठसठशीत होतं, कुठेही हललं नाही. काम झाल्यावर व्हरांड्यात त्यांनी पिशवीतून किल्ल्या काढून शंकासुराच्या बायकोच्या हातावर ठेवल्या. मधल्या सगळ्या काळात त्या या दोघांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"तीन होत्या," त्या म्हणाल्या. "दोन देते. एक त्याच्याकडे आहे."

दलालाने मागून शंकासुराचा शर्ट ओढला. घर ताब्यात आलं की पहिलं काम म्हणजे कुलूप बदलणं. हे तर तो स्वतःच गिऱ्हाइकांना फुकटात सांगायचा.

"तेवढं कुलूप बदलू नका," बाई म्हणाल्या. "कोर्टाला काय कळतंय."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते. आयुष्यभर कागदावर नसलेल्या कुठल्याही गोष्टीला तो हो म्हणाला नव्हता.

"नाही बदलणार," तो म्हणाला.

ते राहायला गेले. लेक माहेरपणाला आली, पंधरा दिवस राहिली, आईच्या ओट्याचं कौतुक करून गेली. पश्चिमेच्या भिंतीला सांगितल्याप्रमाणे ओल आली. घर चांगलं होतं. पण जिन्यात अनोळखी पावलं वाजली की दोघंही बोलता बोलता गप्प व्हायची. पावलं वर तिसऱ्या मजल्यावर निघून जायची, आणि मग बायको म्हणायची, "काय सांगत होते मी?"

तिसऱ्या वर्षी बाई गेल्या. महिन्याभराने मास्तर एकटेच आले, दोन जिने चढून, धापा टाकत. पाणी प्यायले. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "कोणी आलं होतं का?"

"नाही, सर."

"हं." त्यांनी पेला खाली ठेवला. "ती होती तोवर ठीक होतं. आता बदलून टाका ते कुलूप. तुमची मुलगी येते, जावई येतो. उगाच जिवाला घोर कशाला?"

तो म्हणाला, "चांगलं चालतंय, सर. तेल घालतो मी अधूनमधून."

मास्तरांनी मान डोलावली. मग त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं, खिशातला रुमाल काढला आणि चष्मा पुसू लागले. चहा टाकते म्हणून बायको आत गेली होती, ती लवकर बाहेर आली नाही.