ती विचारणार नाही

माझी मामी लोकांचे कपडे उसवून पुन्हा नीट करून द्यायची. नवं काही शिवायची नाही. "नवं कुणीही शिवतं, अंगाला बसलं नाही की मग माझ्याकडे येतात," असं तिचं म्हणणं. पॅन्टची उंची कमी कर, कंबर सैल कर, चेन बदल, कोटाला नवं अस्तर घाल. रस्त्याला लागून तिचं दुकान होतं, दोन पायऱ्या चढून आत जायचं. आत एक मशीन, एक लांब टेबल, इस्त्री, आणि कपडे घालून बघायला एक पडदा.

कपडा हातात आला की ती आधी त्याचे खिसे रिकामे करायची. जे निघेल ते पाकिटात घालून ते पाकीट त्याच कपड्याला टाचणीनं लावून ठेवायची. सिनेमाची तिकिटं, गोळ्यांच्या पट्ट्या, एकाच कानातली रिंग, चार घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. तिनं कधी चिठ्ठी उलगडली नाही, की "ही रिंग कुणाची हो?" असं कुणाला विचारलं नाही. अर्ध्या गावाची गुपितं तिच्या टाचणीखालून गेली असतील. मी एकदा एका चिठ्ठीकडे नुसता हात नेला, तर तिनं हातावर फूटपट्टी मारली. तीही लाकडी.

कॉलेजची दोन वर्षं मी मामा-मामीकडे राहिले. मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. मी साहित्य घेतलं होतं म्हणून तो मला 'प्रोफेसर' म्हणायचा, लाडानं कमी आणि चिडवायला जास्त. माझ्या अभ्यासाचा कुणाला कवडीचा उपयोग होईल असं त्याला वाटत नव्हतं. त्यामुळे एक दिवस तो मोबाइल घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि "प्रोफेसर, एका गाण्याचा अर्थ सांग," म्हणाला तेव्हा मी हरखलेच.

गाणं त्या दिवसांत जिकडेतिकडे वाजत होतं. एक बाई गाते. तिच्याकडे दुपारी येणारा माणूस दुसरीचा नवरा आहे, आणि त्याची जायची वेळ झालीय.

चार वाजले, आता तू ऊठ,
कॉलर नीट कर, बटण लाव,
सांग तिला, रस्त्यात गर्दी होती,
ती विचारणार नाही.

मी दोन दिवस खपून तीन पानं लिहिली. घड्याळ म्हणजे काळ, बटण म्हणजे समाज, असलं काय काय त्यात होतं. पुरुष दुबळा, गाणारी खरी दुःखी, आणि घरची बायको म्हणजे नुसती सावली, असा माझा निकाल होता. आज ती पानं सापडली तर मी ती गिळून टाकीन. मामानं मात्र सगळं शांतपणे ऐकलं, लिफ्ट कशी चालते ते गिऱ्हाईक त्याला समजावून सांगायला लागलं की ऐकायचा तसं. मग म्हणाला, "ते राहू दे. असलं गाणं दिवसभर कोण ऐकत बसेल?"

तेव्हा कुठे खरं दुखणं बाहेर आलं. मामी दुकानात तेच गाणं पुन्हा पुन्हा लावायची. मामा दुपारी डबा घेऊन जायचा, तर त्याला ते रस्त्यावरूनच ऐकू यायचं, आणि त्यानं पायरीवर पाय ठेवला की मामी ते बंद करायची. तीन आठवडे हेच चाललं होतं. माझ्या अंगाला ग्रीसचा वास येतो, तो म्हणाला, डोक्यावर केस उरले नाहीत, आणि तिच्याकडे चांगलेचांगले लोक कोट घेऊन येतात. माप घ्यायला जवळ जावं लागतं. मला हसू येत होतं. पण तो टेबलावरचा नसलेला डाग अंगठ्यानं पुसत होता, म्हणून मी हसले नाही.

"तूच विचार ना तिला," मी म्हणाले.

"विचारलं आणि हो म्हणाली तर?"

म्हणून शनिवारी मी दुकानात गेले. गाणं चालूच होतं. मी फार आडवळणानं सुरुवात केली, पण मामीनं मान वर न करता विचारलं, "मामानं पाठवलं का?" मग काय, मी सगळं ओकले. माझी तीन पानंही तोंडपाठ म्हणून दाखवली.

मामीनं मशीन थांबवलं. "तुझं चुकलंय," ती म्हणाली. "ते गाणं तिचं नाही. बायकोचं आहे."

मी म्हटलं, अख्ख्या गाण्यात बायकोबद्दल जेमतेम दोन ओळी आहेत.

"मला त्यातली एकच पुरते. ती विचारणार नाही. त्या दोघांना वाटतंय, तिला माहीत नाही म्हणून ती गप्प आहे. खुशाल आहेत बिचारे. अगं, माणूस कळलं नाही म्हणून गप्प बसतो, तसा कळलं म्हणूनही बसतो. ती ओळ आली की मला वाटतं, कुणीतरी माझी चौकशी केली."

'माझी' हा शब्द तिला बोलायचा नसावा. मी काही म्हणणार तेवढ्यात मला पायरीवर मामा दिसला. हातात डबा. उत्तराची वाट बघवली नाही म्हणून अर्धा तास आधीच आला होता, आणि त्यानं सगळं ऐकलं होतं.

मामीनं त्या दिवशी गाणं बंद केलं नाही. ते संपू दिलं. मग हातातला कोट बाजूला ठेवून ती म्हणाली, "बारा वर्षांपूर्वी तुम्ही दर गुरुवारी उशिरा यायचात. पोस्टामागच्या पिवळ्या इमारतीत लिफ्टमध्ये माणूस अडकला होता, असं सांगायचात."

मामा पायरीवरून आत आला.

"मी एकदा तिथं कोट पोचवायला गेले होते. चौथ्या मजल्यावर, जिन्यानं."

"लिफ्ट बंद होती?" हे मूर्खासारखं मीच विचारलं.

"त्या इमारतीला लिफ्टच नाही."

गावातल्या यच्चयावत लिफ्ट ज्याच्या हाताखालून गेल्या, त्याला थाप मारायला लिफ्टवाली एक इमारत आठवू नये! पण ती बाई राहायची पिवळ्या इमारतीत. जिथं पाय जात होते तेच नाव त्याच्या तोंडात आलं, आणि एकदा आलं ते दर गुरुवारी येत राहिलं. मामा गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला. डबा त्यानं मांडीवर घट्ट धरला होता.

"ते चार महिन्यांत संपलं होतं," तो म्हणाला.

"माहीत आहे. तुम्ही गुरुवारी वेळेवर यायला लागलात."

"मग तेव्हा विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं," ती म्हणाली. "तुम्हाला खोटं कुठं नीट बोलता येतं. मग मला घर सोडून जावं लागलं असतं, आणि मला जायचं नव्हतं. तुम्ही हवे होतात मला."

"आणि मी आलो की गाणं का बंद करायचीस?"

"तुम्हाला लागलं असतं ते."

मामा रडायला लागला. एवढा मोठा माणूस ग्रीसच्या हातांनी डोळे पुसत होता आणि चेहरा काळा करून घेत होता. मामीनं मला काळा दोरा आणायला पिटाळलं. ड्रॉवरमध्ये काळ्या दोऱ्याची डझनभर रिळं होती, तरी मी मुकाट्यानं गेले. तास दीड तास रस्त्यावर फिरून परत आले तर दोघं एकाच डब्यातून जेवत होती. बारा वर्षांचं काय काय तिनं विचारलं आणि त्यानं काय सांगितलं, ते मला ठाऊक नाही. मीही कधी विचारलं नाही. फूटपट्टी लक्षात होती.

एका दुपारीत सगळं सुरळीत झालं असं मात्र कुणी समजू नये. इतकी वर्षं न आलेला राग मामीला आता आला. पंधरा दिवस घरात भांड्यांचा आवाज होता. मामा खालमानेनं जेवायचा, ताट स्वतः घासायचा, आणि संध्याकाळी सहाच्या ठोक्याला दारात हजर व्हायचा. मला दोघांचीही दया यायची आणि दोघांचाही वैताग यायचा.

मग एका गुरुवारी तो सहाला आला नाही. साडेसहाला नाही, सातलाही नाही. मामी एकच चादर तिसऱ्यांदा घडी घालत होती. मी फोन लावू का विचारलं तर नको म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. मला मामाचा इतका राग आला की तो समोर असता तर मी फूटपट्टीच शोधली असती.

सव्वासातला मामीचा फोन वाजला. मामाचंच नाव. तिनं उचलला, नुसतं "हं" म्हणाली, आणि पुढचं मलाही ऐकू यावं म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. आवाज मामाचा नव्हता.

"नमस्कार वहिनी," एक घाबरलेला माणूस बोलत होता. "तुमची-माझी ओळख नाही. मी लिफ्टमध्ये अडकलोय, पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे. तुमच्या मिस्टरांनी वरच्या फटीतून त्यांचा फोन आत दिलाय. म्हणाले, मी सांगून उपयोग नाही, तुम्ही स्वतः सांगा."

मामीनं तोंडावर हात ठेवला.

"आणि वहिनी, इमारतीला लिफ्ट आहे, हेही सांगायला सांगितलंय. का, ते मला माहीत नाही."

मामी खुर्चीत बसली आणि हसत सुटली. हसता हसता रडायला लागली, रडता रडता पुन्हा हसली. पलीकडचा माणूस "वहिनी, वहिनी, ऐकू येतंय ना?" म्हणत राहिला. तिनं हातातल्या चादरीनंच डोळे पुसले आणि फोन जवळ ओढला.

"येतंय," ती म्हणाली. "त्यांना म्हणावं, आधी तुम्हाला नीट बाहेर काढा. घाई करू नका. मी जेवायची थांबलेय."