पट्टा पडेपर्यंत

पाथर्डीकडची लंकाबाई लग्नाच्या वर्षापासून श्रीगोंद्याच्या उसात जाते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधून ट्रॉलीत टाकते. बाई पडून राहिली की उरतो अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता कुठल्याच मुकादमाला नको असतो.

तिचा नवरा, श्रीमंत त्याचं नाव, तिला मारतो. टोळीतल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे. पण आवाज कुणाच्या पाचटाच्या कोपीतून येत नाही? म्हणून कुणी कुणाला विचारत नाही. लंकाबाई आताशा ओरडतही नाही. मार संपला की उठून भांडी घासते.

यंदा जानेवारीत भाकरीला उशीर झाला म्हणून त्याने तिचं मनगट पिरगाळलं, ते मोडलंच. त्याचंही तिला फार वाटलं नाही. ती हादरली ती सकाळी, श्रीमंत मुकादमाशी बोलला तेव्हा.

"पंकजाला बोलावून घेतो. ती भरंल कोयता."

पंकजा त्यांची लेक, गावी आजीजवळ राहून दहावीला बसलेली. एकदा पोरगी उसाच्या फडात आली की शाळा सुटलीच, आणि मग तिचंही लग्न लावून नवा कोयता उभा करतात. लंकाबाईचं तेच झालं होतं.

ती पहिल्यांदा मुकादमासमोर बोलली. "अमृतभाऊ, हात ह्यानं मोडलाय. पोरीला आनलं तर मी असाच हात घिऊन पोलीस चौकीत जाईन."

अमृत मुकादम घाबरला. लंकाबाईची काळजी त्याला कशाला असेल? पोलीस आले की तोड थांबते, ही त्याची भीती. त्याने श्रीमंतला चारचौघांत झापलं.

"पोरगी आनायची न्हाई. अन् पट्टा पडेपर्यंत हिच्या अंगाला हात लावायचा न्हाई. कारखाना बंद झाल्यावर तुझं तू बघ. घरी मोडलेलं दिवाळीला पुढली तोड लागेपर्यंत भरून येतं."

असा तो न्याय! पण लंकाबाईला आयुष्यात मिळालेला तेवढाच. दवाखान्यात तिने मुकादमाने शिकवल्याप्रमाणे पाय घसरल्याचं सांगितलं आणि प्लास्टरसकट, एका हाताने आणि दातांनी मोळ्या बांधल्या. श्रीमंतने दात खात हात आवरला. मार्चमध्ये पंकजाचे पेपर झाले.

त्यानंतर आठवडाभरात पट्टा पडला. शेवटच्या गाडीवर टोळीने गुलाल उधळला, नारळ फोडला. सगळ्यांना घराची ओढ लागली होती. श्रीमंतही कितीतरी दिवसांनी हसत होता. लंकाबाईने मुकादमाला गाठलं.

"भाऊ, कुठं एखादा फड ऱ्हायला असंल की."

"समदा ऊस संपला, लंकाबाई."

"मग पुढल्या साली पंकीला आनायची न्हाई, येवढं आत्ताच बोला."

"तुझे हात शाबूत ऱ्हायले तर कशाला आनतोय?"

बोचकं घेऊन ती ट्रॉलीत चढली आणि श्रीमंतपासून जमेल तितकी लांब बसली. ट्रॉली काही फार मोठी नव्हती.