मुबश्शिरचा गोलकीपर

मंगरूळपीरात बोलतात, की सायकलवाल्या इस्माईलचाचांना फुटबॉलची टीम त्यांचा मेलेला मुलगा मुबश्शिर सांगतो. साफ खोटं. खऱ्या सामन्यातले खेळाडू निवडून गुण मिळवायच्या मोबाइलवरच्या फुकट खेळात चाचा सट्ट्याचे भाव पाहून रोज टीम लावतात. ज्याच्या गोलला भाव कमी, तो गोल मारण्याची शक्यता जास्त, म्हणून त्याच्यावर भरवसा जास्त. गोलकीपर मात्र मुबश्शिरने शेवटचा लावलेलाच.

त्या दिवशी भाव सांगत होते, त्या गोलकीपरवर गोलांचा पाऊस पडणार. मी, मुबश्शिरचा जुना दोस्त, दुकानात बसून चाचांना म्हणालो,

"चाचा, पहिला नंबर जाईन तुमचा. आज त्याले काढसानच, लावा पैज! हरलो तं मुबश्शिरचा आवाज काढतो."

गोलकीपरच्या नावावर गेलेलं बोट चाचांनी मागे घेतलं.

"पोराले बाहेर कसा बसवू बे?"

मी हरलो. हुबेहूब आवाज काढला, "अब्बा, जेवाले चाला ना!"

"आलो बेटा," चाचा म्हणाले, मुबश्शिरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून.