व्हॅनमावशी आणि इंजिनाचा दिवा

ती गाडी चालवायला शिकली तीच मुळी नवऱ्याची नजर जायला लागली म्हणून. आधी व्हॅन तो चालवायचा. सकाळी शाळेची मुलं गोळा करायची, दुपारी घरोघर सोडायची, त्यावरच त्यांचा संसार उभा होता. मग त्याला कडेचं दिसेनासं झालं. समोरचं दिसायचं, पण बाजूने येणारी सायकल एकदम अंगावर आल्यासारखी वाटायची. डॉक्टरांनी मनाई करायच्या आधीच त्याने किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि परत काढली नाही. पुढे रिकाम्या मैदानात, शेजारच्या सीटवर बसून, त्याने बायकोला शिकवलं. शिकवताना तो कान लावून बसायचा. "इंजिन ओरडतंय, गिअर बदल," एवढंच म्हणायचा.

सुरुवातीला आया खिडकीतून डोकावून काका कुठे गेले म्हणून विचारायच्या. काहींनी मुलांना उगाचच दोन दिवस घरी ठेवलं. पण बाई होती मुलखाची धास्तावलेली, आणि या कामाला तोच गुण लागतो. दार स्वतः ओढून बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही, प्रत्येक मुलाच्या डोक्याला हात लावल्याशिवाय निघायची नाही. मुलं तिला व्हॅनमावशी म्हणायला लागली आणि बघता बघता मोठी माणसंही तेच म्हणू लागली.

तर एका सकाळी स्पीडच्या काट्याशेजारी एक पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या चित्राचा. गाडी नेहमीसारखीच चालत होती, पण मावशी दर वळणावर त्या दिव्याकडे बघत राहिली. मुलांना शाळेत सोडून ती थेट धाकट्या दिराच्या गॅरेजात गेली.

दीर हाताचा हुशार, पण कायम घाईत. गॅरेजात गाड्यांची रांग, फोन कानाला, तोंडात स्क्रू. त्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला, पडद्यावरचा कोड वाचला आणि म्हणाला की तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी मधूनच चुकतेय, पेट्रोलमध्ये कचरा आला असेल. एक बटण दाबून तो कोड पुसला. दिवा गेला. मावशीला इतकं हायसं वाटलं की तिने पुढे काही विचारलंच नाही.

आठवडाभरात दिवा परत आला. या वेळी दिराने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. सेन्सरचे नखरे असतात, वहिनी, म्हणाला आणि पुन्हा पुसून टाकला. सवड मिळाली की नीट बघतो, असंही म्हणाला. निघताना मावशीने त्याला बजावलं, यातलं काही दादांच्या कानावर घालायचं नाही. नवरा फार बोलायचा नाही, पण एकदा स्वच्छ म्हणाला होता की गाडीचा भरवसा वाटेनासा होईल त्या दिवशी मुलं बसवायची नाहीत. गाडी घरी उभी राहिली की मुलं दुसऱ्या व्हॅनमध्ये जाणार आणि एकदा गेलेली परत येत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती गप्प राहिली. व्हॅन मात्र आता तो गॅलरीत बसायचा तिथून लांब, कोपऱ्यावर लावायला लागली. त्याने कारण विचारलं तेव्हा सावली असते म्हणाली.

मग एका दुपारी ऊन रणरणत होतं. गाडी मुलांनी भरलेली, मागे कुणाच्या तरी बाटलीवरून भांडण चाललेलं. चढाच्या रस्त्याला लागताच व्हॅनने एक आचका दिला. मग दुसरा. ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढेना. आणि तो दिवा पुन्हा लागला, पण या वेळी नुसता लागला नाही, उघडझाप करायला लागला.

दिवा असा लुकलुकतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. थांबावं तर मागे ट्रक हॉर्न देतोय, रस्ता अरुंद. चढ संपला की पहिलं घर येतं, तेवढं गाठू, असं म्हणत तिने दात आवळून पाय दाबून धरला. गाडी थरथरत, कण्हत वर सरकत राहिली. मागची भांडणं आपोआप थांबली. आरशात बघितलं तर सगळी मुलं तिच्याच पाठीकडे बघत होती.

वर पोचता पोचता जळका वास आला. उजव्या हाताला एक मोकळं मैदान होतं, पलीकडे बंद गोदाम, त्याच्यापुढे सिमेंटचं अंगण आणि अलीकडे रस्त्यालगत एक दगडी भिंत. तिने गाडी मैदानात घातली, इंजिन बंद केलं आणि हँडब्रेक ओढला. गुडघाभर वाळलेल्या गवतात आपण उभे आहोत, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

ते लक्षात आलं धुराने. धूर बॉनेटमधून येत नव्हता, खालून येत होता, पायरीच्या बाजूने. पण आवाज तिने चढू दिला नाही. सरकतं दार उघडलं आणि सगळ्यांत मोठ्या मुलीला म्हणाली, "दप्तरं राहू देत. सगळ्यांचे हात धर आणि त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहा. मागे वळायचं नाही."

मुलं उतरली. उतरताना तिने प्रत्येकाच्या डोक्याला हात लावला. एक डोकं कमी भरलं. सगळ्यांत लहान मुलगा मागच्या सीटखाली दडून बसला होता, दोन्ही हातांनी सीटचा पाय घट्ट धरून. तिने हाक मारली, तो हलेना. ती आत शिरली, त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि त्याला काखेत मारून बाहेर पडली. तोवर चाकाजवळ गवताची कडा लाल व्हायला लागली होती.

मुलगा भिंतीपाशी पोचला. आता तिनेही लांब जायला हवं होतं, आणि नंतर सगळ्यांनी तिला तेच ऐकवलं. पण टाकीत पेट्रोल होतं, खाली विस्तव होता आणि मुलं काही फार दूर नव्हती. मैदानाला गोदामाकडे थोडा उतार होता. ती परत सीटवर बसली आणि तिने हँडब्रेक सोडला. गाडी आधी हललीच नाही. मग सावकाश घरंगळली. इंजिन बंद असल्यामुळे स्टिअरिंग दगडासारखं जड झालं होतं. अंगणात आल्यावर ब्रेकवर ती जवळजवळ उभीच राहिली, तेव्हा कुठे गाडी थांबली. सीटखालचं आग विझवायचं नळकांडं काढून ती गवताकडे धावली. समोरचा लाँड्रीवाला पाण्याचा पाइप ओढत आलाच होता. दोघांनी मिळून आग दाबली. मैदानावर चटईएवढा काळा डाग तेवढा राहिला.

मग ती मुलांच्या रांगेत, भिंतीला टेकून खाली बसली.

पालक आले. कुणी पाणी दिलं, कुणी जाब विचारला. लहान मुलाची आई मात्र थेट त्याच्याकडे गेली. मुलाला कडेवर घेतलं, गाडीतलं त्याचं दप्तर उचललं, मावशीकडे एकदा बघितलं आणि निघून गेली. ते बघणं मावशीला सगळ्या जाबांपेक्षा जड गेलं.

दीर गाडी ओढून न्यायला आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याने खाली वाकून बघितलं आणि हळू आवाजात सांगितलं. ठिणगी चुकली की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं, तिथल्या धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात जळतं आणि डबा लालबुंद होतो. गवत त्यानेच पेटलं. दिवा लुकलुकतो तो हेच सांगायला.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही पुसत गेलात आणि मी पुसू देत गेले. आता घरी चला. त्यांना मीच सांगते."

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही, आणि तेच तिला टोचलं. तळहात मांडीवर घासले आणि उठला. मग म्हणाला, "सावलीचं मला तेव्हाच पटलं नव्हतं. चल, गॅरेजात जाऊ."

संध्याकाळी तिघं गॅरेजात जमले. दिराने बाकीच्या गाड्या बाहेर काढल्या होत्या आणि शटर अर्धं ओढलं होतं. तापून गेलेला डबा त्याने आधीच बदलला होता. ठिणगीला वीज पुरवणाऱ्या सगळ्याच कॉइल, सगळेच प्लग बदलून मोकळं व्हावं, असं त्याचं म्हणणं पडलं. मोठ्या भावाने नकारार्थी मान हलवली. नेमकं काय बिघडलं ते कळल्याशिवाय ही गाडीत बसणार नाही, म्हणाला. म्हणून दिराने तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून पहिल्यावर बसवली आणि पहिल्याची तिसऱ्यावर. दोष कॉइलमध्ये असेल तर तो तिच्याबरोबर पहिल्यावर जाईल, नाहीतर शोध पुढे चालू.

इंजिन सुरू केलं. गुपचूप, गोड चाललं. दिराने रेस केली, तरी काही नाही. आता तिघांनाही बिघाड न दिसण्याचीच भीती वाटत होती.

"ओझं पडल्याशिवाय दाखवणार नाही," नवरा म्हणाला. "चढावर न्यावी लागेल."

दीर चालवायला पुढे झाला, पण मावशीने किल्ली घेतली. चढावर गाडी कुठे आचके देते ते तिला माहीत होतं. नवरा शेजारी बसला, दीर मागे स्कॅनर मांडीवर घेऊन. त्याच चढाला लागताना तिने गिअर बदलला. नवऱ्याने डॅशबोर्डवर पंजा टेकवला होता. अर्ध्या चढावर गाडी आचकली आणि दिवा लुकलुकला.

"पहिला," मागून दीर म्हणाला. "कोड आता पहिल्या सिलिंडरचा आहे, वहिनी. कॉइलच आहे."

तिने लगेच गाडी बाजूला घेतली, गवत नाही हे खाली उतरून बघितलं आणि मगच इंजिन बंद केलं. दिराने तिथेच नवी कॉइल आणि प्लग बसवला, मग कोड पुसला. त्यानंतर तिने तो चढ पुन्हा पुन्हा चढला, दिराने पुरे म्हटलं तरी. दिवा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ती रिकामी व्हॅन घेऊन प्रत्येक दारात गेली आणि दिवा दोनदा पुसून घेतल्याचं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. दोन घरांनी मुलं काढली, कायमची. एका बाबांनी फार बोलून घेतलं आणि मुलीला मात्र पाठवलं. दीर सुधारला असं म्हणवत नाही, घाई त्याच्या रक्तातच आहे, पण कारण सापडल्याशिवाय कोड पुसायला तो आता नकार देतो आणि त्यापायी गिऱ्हाइकांशी वाद घालतो.

लहान मुलाच्या आईने दार उघडलं तेव्हा मावशीला वाटलं, ही बंदच करणार. तिने सगळं ऐकलं. मग विचारलं, "त्याची बोटं तुम्ही सोडवली?"

मावशीने होकारार्थी मान हलवली.

"रात्रभर मला तसंच धरून झोपला," आई म्हणाली आणि आतून त्याचं दप्तर घेऊन आली. "पुढच्या सीटमागे बसवा त्याला. तुम्हाला आरशात दिसेल असा."